पोलादपूर ते महाबळेश्वर: महाविलोपनाच्या संशयिताची उलटतपासणी कशी करावी

डायनासोर कशाने मेले असं विचारलं की तिसरीतलं पोरही "उल्का पडली" म्हणून मोकळं होतं. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. उल्का मेक्सिकोत आदळली त्या काळात आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांनी रचला जात होता. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरच्या सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती संपल्या. अशा सरसकट संपण्यालाच महाविलोपन म्हणतात. त्याचं खापर उल्केवर फोडायचं की या लाव्ह्यावर, यावरून भूशास्त्रज्ञ 1980 सालापासून भांडताहेत. त्यातला एक संशयित आपल्या घाटात रस्त्याच्या कडेला उघडा उभा आहे. त्याला एका दिवसात, एकाच रस्त्यावर कसं तपासायचं ते सांगते. मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त आहे, पण मुलांना आणि त्यांच्याहून जास्त उत्साही पालकांना घेऊन आंबेनळी घाटात जाणं काही सुटलेलं नाही.

आंबेनळीच का? खाली पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला आहे, वर महाबळेश्वर 1,350 मीटरवर. मधल्या चाळीसेक किलोमीटर रस्त्यात लाव्ह्याची सव्वा किलोमीटर उंचीची चवड कापली गेली आहे. भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या लाव्ह्याचे जे गट पाडले त्यांतल्या तीन गटांची नावंच पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर अशी आहेत. म्हणजे जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत या विषयावर बोलताना आपल्या एसटीच्या थांब्यांची नावं घ्यावी लागतात.

निघण्यापूर्वी

दिवाळीनंतर जा आणि होळीच्या आत उरका. पावसाळ्यात या घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही आणि समोरचं दिसतही नाही. पावसाने कातळ धुऊन स्वच्छ झालेला असतो, गवत वाळलेलं असतं, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. घाटाचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी रस्त्याच्या कापावर सावली असते. म्हणून पोलादपुरात नाश्ता करून सावकाश निघा आणि वरचा टप्पा दुपारी तीननंतर करा. तिरप्या उन्हात थर वेगळे उठून दिसतात.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाण्याची फवाऱ्याची बाटली, जुना चाकू, मोजपट्टी, एक लिंबू, दोऱ्याला बांधलेला छोटा लोहचुंबक, वही आणि उंची दाखवणारं मोबाइल ॲप घ्या. हातोडी आणू नका. हातोडी हातात आली की माणूस बघायचं सोडून फोडत सुटतो, आणि घाटात वरचा दगड सैल असेल तर ते जिवावर बेतू शकतं. गाडी वळणावर कधीच थांबवायची नाही. जिथे रस्त्याला खिसा आहे तिथेच थांबा, गाडीत एकाला बसवा आणि कातळाकडे तोंड करून उभं राहताना एक कान रस्त्याकडे ठेवा. रस्ता रुंद करताना काही कापांवर जाळी आणि सिमेंटचा फवारा मारला आहे. सुरक्षिततेसाठी ते ठीकच, आमची मात्र पानंच्या पानं पुसली गेली.

खालून वर जायचं. खालचं जुनं, वरचं नवं, हा नियम इथे बिनघोर लावता येतो, कारण थर जवळजवळ आडवे आहेत. त्यांना दक्षिणेकडे जेमतेम अर्ध्या अंशाचा कल आहे. तेवढ्यानेसुद्धा शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये मोठा फरक पडतो. म्हणूनच कळसूबाईच्या परिसरातले थर उंचीला कितीही असले तरी महाबळेश्वरच्या थरांहून वयाने मोठे आहेत.

एक लाव्हाप्रवाह ओळखणं

पहिल्या काळ्या कापापाशी उभं राहून घाईने फोटो काढू नका. प्रवाहाचा तळ, पोट आणि माथा असे तीन भाग शोधा. तळाशी बोटभर लांबीच्या, उभ्या, नळीसारख्या पोकळ्या दिसतात. लाव्हा तळाकडून निवत असताना वायूचे बुडबुडे वर सरकत गेले, त्यातून त्या झाल्या. पोटाचा भाग घट्ट, काळा, भेगांनी उभा चिरलेला असतो. खडीसाठी लोक शोधतात तो हाच काळा पाषाण. माथ्याकडे बुडबुडे वाढत जातात आणि त्यांत पांढरं-हिरवं काहीतरी भरलेलं असतं.

हे पांढरं बघून पोरं वेडी होतात, आणि इथेच अर्धा दिवस जातो. बहुतेकदा ते झिओलाइट, गारगोटीच्या जातीचं खनिज किंवा कॅल्साइट असतं. लिंबाचा थेंब टाकून भिंगातून बघा: बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. छान आहे, पण ही खनिजं लाव्हा निवून फार काळाने पाण्यातून साचली. विलोपनाच्या खटल्यात त्यांची साक्ष नाही. पुढे चला.

लोहचुंबक दोऱ्याने लोंबता धरून काळ्या दगडाजवळ न्या. तो किंचित ओढला जातो, कारण दगडात मॅग्नेटाइटचे कण आहेत. लाव्हा निवताना या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा पकडून ठेवली. घाटाच्या खालच्या बऱ्याच भागात ती दिशा आजच्या उलट आहे, वर महाबळेश्वर गटाच्या आसपास ती सुलट होते. आपल्या चुंबकाने किंवा होकायंत्राने हे उलटसुलट कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतलं उपकरण लागतं. पण गोष्ट महत्त्वाची आहे. महाविलोपन याच उलट्या कालखंडात झालं हे जगभरच्या खडकांवरून पक्कं आहे. तेव्हा सुलट दिशेच्या थरांना आरोपी करताच येत नाही. डायनासोर संपल्यावर ते आले.

तांबड्या थरापाशी गुडघे टेका

आता मुख्य काम. दोन काळ्या प्रवाहांच्या मधे भाजलेल्या विटेच्या रंगाचा एक पट्टा दिसेल, कुठे चार बोटं, कुठे कमरेएवढा. भूशास्त्राची मंडळी त्याला रेड बोल म्हणतात. तो दिसला की मी सगळ्यांना गुडघ्यावर बसवते. आधी पाणी फवारा आणि चाकूने एक वीत जागा खरवडा. वरून ओघळलेली लाल माती काळ्या दगडालाही लाल रंगवते, त्याला फसू नका. खरवडल्यावर आतही तांबडंच निघालं तर पट्टा खरा.

मग खालची कड बघा. ती स्पष्ट नसते. काळा दगड वर येता येता गोल गोल पापुद्र्यांत सुटतो, मुरूम होतो, मुरमाची माती होते आणि मातीचा रंग गडद होत जातो. वरची कड मात्र सुरीने कापल्यासारखी. तिथली माती कडक, नख न लागणारी, कारण तिच्यावर हजाराहून जास्त अंश सेल्सिअसचा पुढचा प्रवाह येऊन बसला. या दोन कडांमध्ये काय घडलं ते शब्दांत मांडून बघा: लाव्हा आला, निवला, थांबला. पाऊस पडला, दगड कुजला, माती झाली. मग पुन्हा लाव्हा आला. तांबडा थर म्हणजे ज्वालामुखीने घेतलेली सुट्टी.

आणि खटला सगळा या सुट्ट्यांवर उभा आहे. ज्वालामुखी किती मोठा होता हे कुणीही सांगेल. आजही दख्खनचा लाव्हा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, त्याचे काही प्रवाह हजार किलोमीटर पार करून आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचले. पण जीवसृष्टीच्या दृष्टीने प्रश्न घाईचा आहे. तोच लाव्हा, तेच वायू, एका शतकात बाहेर पडले तर कहर. लाख वर्षांत थोडे थोडे आले तर समुद्र आणि माती ते पचवत जातात. म्हणून प्रत्येक तांबड्या थराची उंची, जाडी, खालची कड कशी, वरची कशी, हे वहीत लिहा. जाडीचा वर्षांत हिशोब मात्र करू नका. चार बोटं मातीला किती काळ लागला हे पाऊस, उतार आणि तापमान यांवर ठरतं, शिवाय वरचा प्रवाह येताना थोडी माती घासून गेलेलीही असू शकते. दोन काळ्या प्रवाहांमध्ये तांबडं काहीच सापडलं नाही, तर तेही लिहा. ती नोंद जास्त बोलकी असते.

एक इशारा. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर जो तांबडा, सच्छिद्र दगड आहे, ज्याचे चिरे काढतात, तो जांभा. लाव्हा पूर्ण थांबल्यावर पुष्कळ काळाने वरचा थर कुजून तो झाला. त्याला रेड बोलमध्ये मोजलंत तर सगळा हिशोब बिघडेल.

रेष कुठे मारायची?

पालकांचा ठरलेला प्रश्न: "मॅडम, मग डायनासोर मेले तो थर दाखवा ना." तो इथे नाही. आंबेनळीत हाडं नाहीत, उल्केची धूळही नाही. उल्केची धूळ म्हणजे इरिडियम, पृथ्वीच्या कवचात अतिशय दुर्मीळ आणि उल्कांमध्ये भरपूर असलेला धातू. इटलीत गुब्बिओ इथल्या मातीच्या पातळ थरात तो सापडला आणि 1980 मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी दोन सहकाऱ्यांसह उल्केचा सिद्धान्त मांडला. पुढे मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाखाली, चिक्शुलुब इथे, सुमारे 180 किलोमीटर व्यासाचं विवर असल्याचं 1991 मध्ये जगापुढे आलं. आपल्याकडे ती इरिडियमची रेष मेघालयात उम सोहरिंग्क्यू नदीच्या काठच्या खडकात आहे. घाटात ती फक्त वयावरून कागदावर मारता येते.

आणि ती कुठे मारायची यावर दोन पथकांचं जमत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोघांचे निबंध आले. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या पथकात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री होते. त्यांनी आपण आत्ता खरवडले तसे तांबडे थर गोळा केले. ज्वालामुखीची राख उडून त्या मातीत पडली होती, तिच्यातले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेचून त्यांचं वय काढलं. त्यांच्या मते लाव्हा चार मोठ्या झपाट्यांत आला आणि त्यातला एक, पोलादपूर गटाचा, विलोपनाच्या कित्येक हजार वर्षं आधीचा. बर्कलीच्या कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेने यांच्या पथकात आयआयटी मुंबईचे कांचन पांडे होते. त्यांनी लाव्ह्याचंच वय आर्गॉन वायूवरून काढलं. त्यांच्या हिशोबात सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा विलोपनानंतरचा, आणि पोलादपूरचा लाव्हा उल्केच्या धक्क्याने जोर धरल्यासारखा.

म्हणजे तुम्ही पोलादपूरहून निघून पहिली काही वळणं घेता तो कातळ एका पथकाच्या मते गुन्ह्याच्या आधीचा आणि दुसऱ्याच्या मते नंतरचा. फरक कित्येक हजार वर्षांचा आहे, साडेसहा कोटींहून जास्त वर्षांच्या अंतरावरून मोजलेला. मला यात नाराज होण्यासारखं काही वाटत नाही. विद्यार्थ्यांना मी दोन्ही रेषा वहीत मारायला सांगते, वेगवेगळ्या रंगाच्या पेनने. डोळ्यांना मात्र गटांच्या सीमा दिसणार नाहीत. टायटेनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम अशा घटकांच्या प्रमाणावरून त्या ठरलेल्या आहेत. रस्त्यावर "ही बघा पोलादपूरची हद्द" असं कुणी बोट दाखवून सांगायला लागला तर ऐकून घ्या, लिहून घेऊ नका.

आरोपपत्र कसं तपासायचं

कुंभरोशीला चहाला थांबलो की वही उघडायची. कुठल्याही महाविलोपनाच्या कुठल्याही कारणाला मी तेच प्रश्न लावते. आधी वेळ: कारण परिणामाच्या आधी आहे का, आणि पुरेसं जवळ आहे का? मग वेग. त्यानंतर मारण्याची रीत, म्हणजे नेमकं कशाने जीव जातो? आणि शेवटी मेलं कोण, वाचलं कोण? शेवटचा प्रश्न लोक सगळ्यात कमी विचारतात.

मारण्याची रीत समजायला आइसलँडचा लाकी बघा. 1783 मध्ये जमिनीला पडलेल्या भेगांतून आठ महिने लाव्हा वाहिला, सुमारे 15 घन किलोमीटर. त्यासोबत 12 कोटी टनांच्या घरात सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला, गुरं मेली, दुष्काळ पडला आणि आइसलँडची जवळपास पाचवा हिस्सा माणसं गेली. दख्खनचा एकेक मोठा प्रवाह शेकडो घन किलोमीटरचा असू शकतो. सल्फरने आधी थंडी आणि आम्लवर्षा येते, पण ती काही वर्षांत निवळते. कार्बन डायऑक्साइड मात्र हजारो वर्षं रेंगाळतो आणि तापवतो. महाविलोपनाच्या दोन-तीन लाख वर्षं आधी पृथ्वी काही अंशांनी तापल्याच्या खुणा समुद्रतळाच्या गाळात आहेत, आणि त्याचं कारण दख्खनच असावं हे बहुतेक मान्य करतात. अडचण अशी की त्या तापण्यात समुद्रातले सूक्ष्मजीव सरसकट मेले नाहीत. ते मेले इरिडियमच्या रेषेपाशी, एकदम.

वाचलेल्यांची साक्षही तिकडेच जाते. उल्केच्या धुळीने सूर्य झाकला, वनस्पती थांबल्या, हिरवं खाणारे मेले, त्यांना खाणारे मेले. गोड्या पाण्यातली मगर, कासव, बेडूक ही मंडळी कुजक्या पाल्यापाचोळ्यावर चालणाऱ्या साखळीत होती, ती तुलनेने बरीच तगली. मुंबईत वरळीला लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले, 1847 मध्ये त्यांचं शास्त्रीय वर्णनही झालं. ते थर महाविलोपनानंतरचे. आणि कच्छात अंजारजवळ दोन प्रवाहांमधल्या गाळात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची कवचं सापडली आहेत. म्हणजे सुरुवातीचा लाव्हा येऊनही डायनासोर तिथे राहत होते, अंडी घालत होते. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांची दगड झालेली विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे अवशेष असल्याचं 2005 मध्ये भारतीय आणि स्वीडिश संशोधकांनी दाखवलं. डायनासोरच्या काळात गवत होतं हे तेव्हा कळलं. पिसदुऱ्याला गेलात तर बघा आणि तिथेच ठेवा, पिशवीत भरून आणू नका.

माझा निकाल विचाराल तर मारेकरी उल्काच. आंबेनळीच्या कातळावर फार तर आधी घर खिळखिळं केल्याचा आणि नंतर सावरू न दिल्याचा आरोप ठेवता येईल, तोही अजून शाबीत व्हायचा आहे.

मग ज्वालामुखी निर्दोष का?

इथे थांबणाऱ्यांचं उत्तर चुकतं. 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीच्या पर्मियन काळाच्या अखेरच्या महाविलोपनात समुद्रातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रजाती गेल्या. त्याहून मोठा घात पृथ्वीने पाहिलेला नाही. तिथे उल्केचा पटण्यासारखा पुरावा नाही. तिथे सायबेरियाचा लाव्हा आहे आणि तो वेळेच्या कसोटीला उतरतो. मुख्य विलोपन 60 हजार वर्षांच्या आसपास उरकलं.

मग सायबेरियाने मारलं आणि दख्खनने नाही, असं का? घाटात उभं राहून पायाखाली काय आहे ते विचारा. दख्खनचा शिलारस वर आला तो मुख्यतः जुन्या ग्रॅनाइट-नाइससारख्या खडकांतून. त्यात जळण्यासारखं फारसं काही नव्हतं. सायबेरियात तो तुंगुस्का खोऱ्यातल्या कोळशाच्या आणि मिठाच्या जाड थरांत आडवा घुसला आणि ते सगळं भाजून काढलं. लाव्ह्याचे स्वतःचे वायू परवडले, असे वायू त्या भट्टीतून निघाले. समुद्र तापला, त्यातला ऑक्सिजन संपत गेला. आता हाच प्रश्न चिक्शुलुबला लावा. उल्का पडली तिथे चुनखडक आणि जिप्समसारखे गंधकयुक्त थर होते, त्यांची वाफ आकाशात गेली. घाव कशाने बसला याइतकंच तो कशावर बसला हे बघायचं, हे मी सगळ्यांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते. 20 कोटी 10 लाख वर्षांपूर्वीच्या ट्रायासिक अखेरीलाही असाच लाव्हा जबाबदार धरला जातो. पर्मियनहूनही जुन्या काळांत, ऑर्डोव्हिसियन अखेरीला हिमयुगाचा आणि डेव्होनियनच्या उत्तरार्धात समुद्रातल्या ऑक्सिजनच्या तुटवड्याचा हात दिसतो, पण त्या दोन्ही खटल्यांत साक्षीदार जुने आणि मोडके आहेत.

आणि दक्षिण अमेरिकेतलं पराना विसरू नका. साधारण साडेतेरा कोटी वर्षांपूर्वी तिथेही दख्खनसारखाच प्रचंड लाव्हा आला आणि महाविलोपन काही झालं नाही. "मोठा ज्वालामुखी, म्हणून विलोपन" असं कुणी म्हणालं की पराना पुढे करा.

पुढचा टप्पा करायचा असेल तर श्रीनगरजवळ खुनमोहला गुरयूल नावाची घळ आहे, पर्मियन आणि ट्रायासिक यांची सीमा तिथल्या खडकात आहे. स्पितीतही आहे, पण तिथल्या उंचीवर श्वास लागतो, पालकांना मी काश्मीरच सुचवते. मेघालयची नदी मात्र हिवाळ्यात, पाणी उतरल्यावर, स्थानिक वाटाड्या घेऊनच. तिथे तांबडा थर शोधू नका, समुद्रात साचलेले ते खडक आहेत. शोधायचा तो गाळाचा एक पातळ पट्टा, आणि त्याच्या खालचे सूक्ष्मजीव वर दिसतात का ते.